निसर्ग संवर्धन संस्थेचे हिशेब: नव्या खजिनदारासाठी मार्गदर्शक

पक्षी, सागरी कासवे, देवराया किंवा माळराने यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेत खजिनदाराचे पद पुष्कळदा अशा व्यक्तीकडे येते, जिला निसर्गाची मनापासून ओढ असते, परंतु रोजमेळ (रोजच्या जमा-खर्चाची वही) आणि खतावणी (प्रत्येक खात्याचा वेगळा हिशेब दाखवणारी वही) यांच्याशी तिचा कधी संबंध आलेला नसतो. सनदी लेखापाल वर्षअखेरीस येतात, ताळेबंद तपासतात आणि विवरणपत्रे भरतात. उरलेल्या वर्षभराची जबाबदारी या खजिनदारावरच असते. प्रस्तुत लेख महाराष्ट्रात नोंदलेल्या छोट्या आणि मध्यम संवर्धन संस्थांच्या अशा नव्या खजिनदारांसाठी आहे. संवर्धन संस्थेकडे येणारा बहुतेक पैसा विशिष्ट हेतूसाठी दिलेला असतो. तो कोणी व कशासाठी दिला, त्यातला किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे, हे वर्षातल्या कोणत्याही दिवशी सांगता यावे, याच एका उद्देशाने पुढील सर्व पायऱ्या मांडल्या आहेत.

प्राप्तिकराविषयी एक सूचना आधीच देणे आवश्यक आहे. या लेखातील कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील आहेत, कारण संस्थांच्या जुन्या फायलींत आणि लेखापालांच्या बोलण्यात तेच आढळतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात क्रमांक बदलले आहेत, म्हणून कोणतेही विवरणपत्र भरण्यापूर्वी चालू क्रमांक आणि मुदत लेखापालाकडून तपासून घ्यावी.

पहिली पायरी: संस्थेची कागदपत्रे वाचणे

महाराष्ट्रात अशा संस्था साधारणपणे तीन रूपांत आढळतात: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली संस्था, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास, आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. आपल्या राज्यात १८६० च्या कायद्याखालील संस्थेलाही १९५० चा कायदा लागू होतो, त्यामुळे पहिल्या दोन्ही प्रकारांचे हिशेब अखेरीस धर्मादाय कार्यालयात जातात. कलम ८ ची कंपनी मात्र कंपनी निबंधकाला उत्तरदायी असते.

पदभार घेताना घटना किंवा न्यासपत्र, धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा (विश्वस्त नोंदवहीचा) उतारा, पॅन, कलम १२ एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) खालील नोंदणीचे आदेश, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एकत्र करावेत. उताऱ्यावरील विश्वस्तांची नावे आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांची नावे जुळतात का, हे सर्वप्रथम पाहावे. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून गेला असेल, तर बँकेत सही बदलण्यापासून अनुदानाच्या करारापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडचण येते. १२ एबी आणि ८० जी यांच्या नोंदण्या आता कायमस्वरूपी नसतात आणि ठरावीक वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून त्यांच्या समाप्तीच्या तारखा कार्यालयातील भिंतीवर लिहून ठेवाव्यात असे मी आग्रहाने सुचवेन. नोंदणी खंडित झाली तर संपूर्ण वर्षाचे उत्पन्न करपात्र ठरण्याचा धोका असतो.

संस्थेच्या उद्देशांच्या शब्दरचनेलाही महत्त्व आहे. २००९ मध्ये प्राप्तिकर कायद्यातील धर्मादाय हेतूच्या व्याख्येत पाणलोट क्षेत्रे, वने आणि वन्यजीव यांसह पर्यावरणाचे जतन हा स्वतंत्र हेतू म्हणून समाविष्ट झाला. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य’ या हेतूवर असलेली व्यावसायिक उत्पन्नाची २० टक्क्यांची मर्यादा या स्वतंत्र हेतूला लागू होत नाही. आपल्या घटनेत केवळ ‘समाजोपयोगी उपक्रम राबवणे’ असे मोघम लिहिले असेल, तर त्याविषयी लेखापालाचा आणि वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा.

दुसरी पायरी: पैसा स्वीकारणे, देणे आणि पुरावा ठेवणे

प्रत्येक खर्चाला तीन गोष्टी हव्यात: मंजुरी, बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा. मंजुरी देणारी आणि पैसे देणारी व्यक्ती शक्यतो वेगळी असावी, आणि धनादेशावर किंवा ऑनलाइन व्यवहारावर दोघांची संमती असावी. किरकोळ रोकड किती ठेवायची, याची मर्यादा कार्यकारिणीच्या ठरावाने निश्चित करावी आणि आठवड्यातून एकदा पेटीतील रोकड रोजमेळाशी जुळवून पाहावी.

संवर्धनाच्या कामातील खरी अडचण क्षेत्रावर येते. रोपांना पाणी घालणारे मजूर, रात्री किनाऱ्यावर गस्त घालणारे कासवमित्र, होडीवाला, कॅमेरा ट्रॅप (प्राण्याची हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा) लावण्यासाठी सोबत येणारा वाटाड्या, यांपैकी कोणीही छापील बिल देत नाही. अशा वेळी हजेरीपट ठेवावा, त्यावर नाव, गाव, कामाचा दिवस, कामाचे स्वरूप आणि रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्यावा, आणि शक्य असेल तेथे मजुरी बँक खात्यात किंवा यूपीआयने द्यावी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास ती रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात संस्थेचा ग्राह्य खर्च म्हणून धरली जात नाही. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) लागू असूनही कापला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग अग्राह्य ठरतो. सल्लागार जीवशास्त्रज्ञांचे मानधन आणि भाड्याच्या गाड्या या दोन ठिकाणी ही चूक विशेषकरून होते.

वस्तूंची नोंदवही हा या क्षेत्रातील दुर्लक्षित विषय आहे. दुर्बिणी, जीपीएस यंत्रे, कॅमेरा ट्रॅप, होडीचे इंजिन यांपैकी प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, ती कोणत्या निधीतून घेतली आणि सध्या कोणाकडे आहे हे लिहावे, आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी करावी. जंगलात लावलेला कॅमेरा चोरीला जातो किंवा पुरात वाहून जातो, हे स्वाभाविक आहे; परंतु तो हिशेबातून वगळण्यासाठी घटनेची लेखी नोंद, चोरी असल्यास पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि कार्यकारिणीचा ठराव असायला हवा. जमीन संस्थेच्या नावावर असेल, तर ती विकण्यापूर्वी किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

तिसरी पायरी: प्रत्येक निधी वेगळा ठेवणे

नव्या खजिनदाराने सर्वाधिक वेळ या पायरीवर द्यावा. संस्थेकडील पैशाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला सर्वसाधारण निधी, म्हणजे सभासद वर्गणी, अट नसलेल्या देणग्या आणि व्याज. तो संस्थेच्या उद्देशांपैकी कशासाठीही वापरता येतो. दुसरा विशिष्ट हेतूचा निधी, म्हणजे एखाद्या प्रकल्पासाठी दिलेले अनुदान. तिसरा कायम निधी, ज्याला बोलण्यात कॉर्पस म्हणतात. देणगीदाराने तशी लेखी सूचना दिली असेल तरच देणगी कॉर्पसमध्ये धरता येते, आणि ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणी गुंतवून स्वतंत्र ओळखता येईल अशी ठेवावी लागते.

एकाच बँक खात्यात पाच प्रकल्पांचा पैसा असू शकतो आणि त्यात स्वतःहून काही गैर नाही, मात्र खतावणीत प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र खाते असलेच पाहिजे. टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीत यासाठी ‘कॉस्ट सेंटर’ची सोय आहे; वहीत हिशेब ठेवणाऱ्यांनी प्रत्येक व्हाउचरच्या (खर्चाच्या नोंदीच्या कागदाच्या) डोक्यावर प्रकल्पाचे नाव लिहावे. मूळ बिलावर ‘अमुक प्रकल्पात खर्ची’ असा शिक्का मारण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे, कारण त्यामुळे गाडीच्या दुरुस्तीचे एकच बिल अनवधानाने दोन देणगीदारांच्या हिशेबात जात नाही. असा दुहेरी खर्च उघडकीस आल्यास संस्थेची सचोटी संशयास्पद ठरते, मग चूक कितीही निरागस असो.

दर महिन्याच्या अखेरीस एक साधा तक्ता तयार करावा: प्रकल्पाचे किंवा निधीचे नाव, आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. सर्व शिल्लक रकमांची बेरीज बँक, रोकड आणि ठेवी यांच्या बेरजेशी जुळायला हवी. देणी-येणी असतील तर ती वेगळी दाखवावीत. प्रकल्पांची शिल्लक ९ लाख रुपये आहे आणि बँकेत, रोकडीत व ठेवींत मिळून ६ लाखच आहेत असे दिसले, तर त्याचा अर्थ ३ लाख रुपये दुसऱ्याच कामासाठी वापरले गेले आहेत, बहुधा पगारांसाठी. एका अनुदानाचा हप्ता उशिरा आला की दुसऱ्या अनुदानातून पगार भागवण्याची सवय अनेक चांगल्या संस्थांना लागते. ती मोडण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: सर्वसाधारण निधीतून तीन ते सहा महिन्यांच्या स्थायी खर्चाइतका राखीव निधी हळूहळू उभारणे आणि तो केव्हा वापरायचा याचे नियम लिहून ठेवणे.

पैसा स्वीकारायचा की नाही, हाही निधी व्यवस्थापनाचाच भाग आहे. सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळरानांवर दाट वृक्षलागवड करण्यासाठी कोणी मोठी रक्कम देऊ केली, तर त्या अटीने माळढोक, लांडगा आणि धाविक पक्षी यांचा अधिवासच नष्ट होईल. अशी अट बदलून घ्यावी किंवा देणगी नम्रपणे नाकारावी, आणि त्या निर्णयाची कार्यवृत्तात नोंद करावी.

चौथी पायरी: निसर्गाचे वर्ष आणि आर्थिक वर्ष यांचा मेळ घालणे

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि घरट्यांतून पिल्ले बाहेर येण्याचे काम एप्रिल-मेपर्यंत चालते, म्हणजे संपूर्ण हंगामाचा खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. वृक्षलागवड जूनमध्ये सुरू होते, परंतु तिच्यासाठीचा पैसा मात्र कंपन्यांच्या वर्षअखेरच्या घाईत मार्चमध्ये येतो. अंदाजपत्रक करताना हे लक्षात घेतले नाही, तर वर्षअखेरीस संस्था एकतर तोट्यात तरी दिसते किंवा अनावश्यक श्रीमंत तरी.

यात प्राप्तिकराचा ८५ टक्क्यांचा नियम येऊन मिळतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने कॉर्पस वगळता वर्षभरातील उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम आपल्या उद्देशांसाठी त्याच वर्षी वापरणे अपेक्षित असते. समजा, एका संस्थेला वर्षभरात २० लाख रुपये मिळाले आणि तिने ते सर्व खर्च केले. नंतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माळरानाच्या पुनरुज्जीवनासाठी आणखी १० लाख रुपये आले. एकूण उत्पन्न ३० लाख, त्याचे ८५ टक्के म्हणजे २५.५ लाख, आणि प्रत्यक्ष खर्च २० लाख. उरलेल्या ५.५ लाखांवर कर लागू नये यासाठी कायद्यात दोन वाटा आहेत. पुढच्याच वर्षी तो पैसा खर्च करण्याचा पर्याय निवडून फॉर्म ९ए भरावा, किंवा नेमका हेतू नमूद करणारा ठराव करून पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवण्यासाठी फॉर्म १० भरावा. दोन्ही फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी द्यावे लागतात, म्हणून हा निर्णय सप्टेंबरमध्ये लेखापालाच्या टेबलावर घेण्याऐवजी एप्रिलच्या पहिल्या बैठकीतच घ्यावा. पुस्तकांत अशी शिल्लक ‘अखर्चित अनुदान’ म्हणून देणी बाजूस दाखवण्याची पद्धत आहे. कराच्या हिशेबात तिची वागणूक कशी असेल, हे अनुदानाच्या करारातील शब्दांवर अवलंबून असते, आणि म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तो लेखापालाला दाखवावा.

आणखी एक बारकावा असा की, कराच्या दृष्टीने खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरला जातो. मार्च महिन्याची गस्तीची मजुरी एप्रिलमध्ये दिली, तर ती पुढच्या वर्षात मोजली जाते. शक्य असल्यास मार्चची देणी ३१ मार्चपूर्वीच चुकती करावीत.

गावाच्या सहभागाने होणाऱ्या उपक्रमांचा पैसाही नीट ओळखावा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या किनारी गावी २००२ मध्ये कासव संवर्धन सुरू केले, आणि पुढे तेथील कासव महोत्सवामुळे गावकऱ्यांच्या घरगुती निवासव्यवस्थेला पर्यटक मिळू लागले. अशा प्रकारच्या उपक्रमात पर्यटकांनी राहण्या-जेवणाचे पैसे थेट घरमालकाला द्यावेत हे उत्तम. ते संस्थेच्या खात्यातून फिरवले, तर ते संस्थेचे उत्पन्न म्हणून दिसते आणि त्याचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी विनाकारण ओढवते.

पाचवी पायरी: देणगीदारांना पावती आणि कंपन्यांना हिशेब

प्रत्येक देणगीची अनुक्रमांक असलेली पावती द्यावी आणि तिच्यावर देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम, देण्याची रीत आणि हेतू लिहावा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ८० जी ची सवलत मिळत नाही. वस्तुरूप देणगीलाही ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत कर भरणाऱ्या व्यक्तींनाही ती घेता येत नाही. आवाहनपत्रात सरसकट ‘करसवलत उपलब्ध’ असे छापण्याऐवजी हे स्पष्ट लिहावे. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडी मध्ये भरावे लागते, आणि त्यानंतरच देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र देता येते. उशीर झाल्यास दर दिवशी २०० रुपये शुल्क लागते. देणगीपेटीतील निनावी पैसा एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या पुढे गेला, तर त्या जादा रकमेवर ३० टक्के कर लागतो. कार्यक्रमस्थळी पेटीसोबत पावतीपुस्तक घेऊन एक स्वयंसेवक बसवणे म्हणूनच आवश्यक आहे.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) स्वीकारण्यासाठी संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे फॉर्म सीएसआर-१ भरून क्रमांक घेतलेला असावा लागतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वनस्पती आणि प्राणी यांचे संरक्षण स्पष्टपणे नमूद आहे, त्यामुळे काम पात्र ठरण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती प्रशासकीय खर्चाच्या वाटाघाटीत. कायद्यातील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनखर्चाला आहे. ती आपल्यालाच लागू आहे असे समजून अनेक संस्था लेखापाल, कार्यालयाचे भाडे आणि विमा यांचा खर्च मागतच नाहीत, आणि मग तो कोठेतरी लपवावा लागतो. ही मर्यादा नेमकी कोणासाठी आहे, हे संस्थेने कंपनीला विनयाने पण ठामपणे सांगावे. सामायिक खर्चाची विभागणी मात्र पुराव्याने करावी: गाडीचा खर्च लॉगबुकातील किलोमीटरप्रमाणे, कर्मचाऱ्यांचा पगार कामाच्या तासांच्या नोंदीप्रमाणे.

परदेशी पैशाबाबत अतिशय सावध राहावे. विदेशी अभिदान नियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. परंतु अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबाची किंवा तेथे नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाची देणगी, भावना कितीही आपुलकीची असली तरी, परदेशीच ठरते. नोंदणी असलेल्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि तो दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. त्यावरील व्याजही परदेशी निधीच मानले जाते, आणि एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, रक्कम शून्य असली तरी, भरावे लागते.

सहावी पायरी: लेखापरीक्षण आणि जाहीर अहवाल

धर्मादाय कार्यालयासाठी ताळेबंद परिशिष्ट आठच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट नऊच्या नमुन्यात असते, आणि वर्षाचे हिशेब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल सादर करायचा असतो. प्राप्तिकरासाठी फॉर्म १०बी किंवा १०बीबी मधील स्वतंत्र अहवाल लागतो; उत्पन्न ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त असेल किंवा परदेशी निधी मिळाला असेल तर १०बी, एरवी १०बीबी. लेखापरीक्षकाला भेटण्यापूर्वी बँक जुळवणी पत्रक (बँकेची आणि आपल्या वहीतील शिल्लक यांतील फरक दाखवणारे), निधीनिहाय तक्ता, वस्तूंची नोंदवही, टीडीएसची चलने आणि कार्यकारिणीचे कार्यवृत्त तयार ठेवावे. त्याने काढलेल्या त्रुटी जशाच्या तशा कार्यकारिणीपुढे वाचून दाखवाव्यात.

देणगीदाराला जाणारे उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) खतावणीवरूनच तयार झाले पाहिजे. आधी अंदाजपत्रकातील आकडे लिहून नंतर बिले गोळा करणे म्हणजे खोटा हिशेब होय. खर्चाच्या बाबी बदलल्या असतील तर वर्ष संपण्यापूर्वीच देणगीदाराची लेखी संमती घ्यावी. बहुतेक देणगीदार ती देतात.

कायद्याला अपेक्षित असलेल्या विवरणपत्रांपलीकडे सर्वसामान्य वाचकासाठी वार्षिक अहवाल काढावा आणि त्यात पैसा व काम शेजारी शेजारी मांडावे. ‘वृक्षलागवडीवर ४ लाख रुपये’ एवढे लिहिणे अपुरे आहे. किती रोपे लावली, दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांपैकी किती जगली, आणि राखण व पाणी यांवर किती खर्च झाला, हे सांगितले तरच त्या रकमेला अर्थ प्राप्त होतो. कासवांच्या बाबतीत संरक्षित घरटी, अंडी आणि समुद्रात गेलेली पिल्ले हे तीनही आकडे द्यावेत. वादळाने घरटी वाहून गेली असतील तर तेही लिहावे. कमी यशाचे वर्ष असूनही आकडे प्रामाणिकपणे छापणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी पैसा मिळत नाही, अशी भीती कार्यकर्त्यांना असते, परंतु जाणते देणगीदार नेमके असेच अहवाल शोधत असतात. अहवालात विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेले मानधन, भाडे वा खरेदी यांचा स्वतंत्र उल्लेख करावा, आणि निधीनिहाय अखेरची शिल्लक छापावी. मात्र घरट्यांची किंवा दुर्मीळ प्रजातींच्या अधिवासाची अचूक ठिकाणे कधीही छापू नयेत. ती माहिती केवळ वनविभागाला आणि गरज असल्यास निधी देणाऱ्यांना लेखी गोपनीयतेच्या अटीवर द्यावी.

हिशेबाची पुस्तके आणि कागद कर-निर्धारण वर्ष (संबंधित आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून दहा वर्षे जपणे प्राप्तिकर नियमांना अपेक्षित आहे. कोकणातील आणि सह्याद्रीतील पावसात कागद टिकत नाही, म्हणून व्हाउचर महिन्याच्या महिन्याला स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत, मूळ प्रती बंद पेट्यांत वर्षवार लावाव्यात, आणि पेट्यांची यादी, पासवर्ड व बँकेची अधिकारपत्रे असलेली फाईल पुढच्या खजिनदाराच्या हाती सही घेऊनच सोपवावी.